ठसठशीत रंग आणि ‘बिनमेकअप’चा मेकअप

मुंबईतील दादर असो वा पुण्याचा लक्ष्मी रस्ता, सौंदर्यप्रसाधनांच्या कोणत्याही मोठ्या दुकानात लिपस्टिकचा खण पाहिला की दोन टोके ठळकपणे नजरेत भरतात. एका बाजूला गडद लाल, मरून, वाइन, क्वचित काळसर जांभळ्याकडे झुकणाऱ्या मॅट छटा. तर दुसऱ्या बाजूला ओठांच्या मूळ रंगाशी मिळतीजुळती, लावली आहे की नाही असा संभ्रम पडावा अशी फिकट गुलाबी-तपकिरी मालिका. बाजारात तिला ‘न्यूड’ म्हणतात. एक खण रंग दिसावा म्हणून, तर दुसरा रंग दिसू नये म्हणून. गंमत अशी, की दोन्ही खणांतील कांड्यांची किंमत बहुधा सारखीच असते.

ठसठशीत आणि नैसर्गिक हे दोन प्रवाह प्रसाधनांच्या जगात आळीपाळीने वर येत असतात. त्यांपैकी कोणता चांगला, हा प्रश्न आवडीचा असल्याने त्याचे उत्तर देण्याचे कारण नाही. मात्र या चर्चेत ‘नैसर्गिक’ हा शब्द दोन अगदी निराळ्या अर्थांनी वापरला जातो आणि तेथे घोळ सुरू होतो. पहिला अर्थ दिसण्याचा: चेहरा रंगवलेला वाटू नये. दुसरा अर्थ घटकांचा: डबीतील द्रव्ये वनस्पती, खनिजे अशा स्रोतांतून आलेली असावीत. या दोन अर्थांचा परस्परांशी काही संबंध असलाच पाहिजे असे नाही. अत्यंत साधा दिसणारा चेहरा संपूर्णपणे प्रयोगशाळेत तयार झालेल्या द्रव्यांनी घडवता येतो, आणि भडकात भडक लाल रंग झाडापासून वा किड्यापासून मिळू शकतो. जाहिराती मात्र हे दोन्ही अर्थ बेमालूम मिसळतात. आणि त्याला जोडून ‘नैसर्गिक म्हणजे सुरक्षित’ असा तिसरा अर्थही ग्राहकाच्या गळी उतरवतात. या घोळात पैसे जातात, आणि क्वचित मूत्रपिंडेही.

कपाळावरचा लाल

महाराष्ट्राला ठसठशीत रंग नवा नाही. काही पिढ्यांपूर्वीपर्यंत घरातील स्त्रीच्या सकाळच्या आवराआवरीत फणी, करंडा आणि मेण यांना जागा होती. आधी कपाळावर बोटाने मेण लावायचे, त्यावर पिंजर टेकवायची आणि मग कडा पुसून गोल नीट करायचा. मेणामुळे कुंकू दिवसभर टिके. रंग टिकावा म्हणून त्याच्याखाली आधी चिकट थर द्यायचा, हीच युक्ती आज ‘प्रायमर’ या नावाने नव्याने विकली जाते. हळदीतील कुर्क्युमिन हे पिवळे द्रव्य क्षाराच्या संपर्कात तांबडे होते; हळकुंडे टाकणखार, लिंबाचा रस आदींत मुरवून कुंकू करण्याची रीत या गुणधर्मावर उभी आहे. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्याचे केम हे गाव आजही कुंकवासाठी ओळखले जाते.

या रंगाला समाजाने घातलेल्या अटी मात्र कडक होत्या. सधवेच्या कपाळावर लाल रंग जितका ठसठशीत तितका तो मानाचा. तोच रंग चार बोटे खाली ओठांवर आला, की तो नटीचा आणि तमाशातील स्त्रीचा ठरत असे. आणि पती गेल्यावर कपाळावरचाही पुसला जाई. म्हणजे रंग भडक की सौम्य, हा केवळ फॅशनचा प्रश्न नव्हता; तो लावण्याचा हक्क कोणाला, हा खरा प्रश्न होता. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे यांसारख्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना त्याचा आदर्श घेण्यास सांगितले. एकविसाव्या शतकाची दोन दशके उलटल्यावरही असा ठराव करावा लागला, यावरून चेहऱ्यावरचा एक ठिपका किती जड असू शकतो याची कल्पना यावी.

पुढे मेणाची जागा ओल्या गंधाने आणि नंतर तयार टिकलीने घेतली. टिकली सोयीची, पण तिच्या मागच्या चिकट द्रव्यात पॅरा-टर्शरी-ब्युटाइल-फिनॉल हे रसायन असल्यास काही स्त्रियांच्या कपाळावर नेमक्या टिकलीच्या जागी पांढरा डाग उमटतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांना हा प्रकार अनेक दशकांपासून परिचित आहे. डाग दिसू लागताच टिकली बंद केली तर तो पसरण्याचा संभव कमी होतो. अनेकींचा कल मात्र तो झाकण्यासाठी आणखी मोठी टिकली लावण्याकडे असतो.

लंबकाचे हेलकावे

पाश्चात्त्य देशांतही ओठ रंगवणे दीर्घकाळ रंगभूमीपुरते मानले जाई. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्लंडमध्ये कुलीन स्त्रीने उघडपणे चेहरा रंगवणे असभ्यपणाचे होते. विसाव्या शतकात दोन गोष्टींनी चित्र पालटले. एक म्हणजे धातूच्या नळीतील लिपस्टिक. १९१५ च्या सुमारास अमेरिकेत ती आली आणि पर्समध्ये मावू लागली. दुसरी म्हणजे चित्रपट. पोलंडमधून अमेरिकेत आलेले केशटोप-कारागीर मॅक्स फॅक्टर यांच्या कंपनीने रंगीत चित्रपटांसाठी ‘पॅन-केक’ हा लेप तयार केला. तो आधी पडद्यावरच्या नटनट्यांसाठी होता. १९३० च्या दशकाच्या अखेरीस तो सामान्य ग्राहकालाही मिळू लागला. आज घरोघरी वापरल्या जाणाऱ्या फाउंडेशनचा तो पूर्वज म्हणता येईल.

नैसर्गिक दिसण्याचा सौदाही तेव्हाच सुरू झाला होता. ‘टॅन्जी’ नावाची एक अमेरिकी लिपस्टिक कांडीत नारिंगी दिसे आणि ओठांवर लागताच गुलाबी होई. रंगरंगोटी नको असलेल्या स्त्रियांसाठी नैसर्गिक रंग, अशी तिची जाहिरात होती. प्रत्यक्षात ही किमया इओसिन या वर्गातील कृत्रिम रंगाची होती. त्वचेच्या आम्ल-अल्कतेनुसार तो छटा बदलतो. नैसर्गिक दिसणे आणि नैसर्गिक असणे यांतील फारकतीचे यापेक्षा नेमके उदाहरण सापडणे कठीण. ‘तुमच्याच ओठांचा खास रंग’ देणाऱ्या आजच्या लिपबाममागेही बहुधा हेच तत्त्व असते. पुढे १९५० मध्ये हेझल बिशप या रसायनशास्त्रज्ञ महिलेने पेल्यावर, कपड्यांवर न उतरणारी लिपस्टिक बाजारात आणली आणि ठसठशीत रंगाची सर्वांत मोठी अडचण दूर केली.

भारतात त्याच सुमारास, १९५२ मध्ये, टाटा ऑइल मिल्सची उपकंपनी म्हणून लॅक्मे सुरू झाली. परदेशी प्रसाधनांवर खर्च होणारे परकीय चलन वाचावे, हा त्यामागचा हेतू असल्याचे सांगितले जाते. नाव फ्रेंच संगीतकार लिओ देलिब यांच्या १८८३ मधील ऑपेराचे. आणि त्या ऑपेराच्या नायिकेचे नाव म्हणजे आपल्या ‘लक्ष्मी’चे फ्रेंच रूप. सिमोन टाटा १९६१ मध्ये संचालक मंडळावर आल्या आणि पुढे अध्यक्ष झाल्या. मध्यमवर्गीय घरात पावडर-काजळापलीकडचे काही येऊ शकते, हे भारतीय ग्राहकाला पटवण्यात या कंपनीचा वाटा मोठा होता. १९९८ मध्ये टाटांनी तो ब्रँड हिंदुस्थान लिव्हरला विकला.

साठच्या दशकात जगभर फिकट ओठ आणि जाड रेघांचे डोळे आले. साधना, शर्मिला टागोर यांच्या चित्रपटांतील डोळ्यांच्या कोपऱ्यातून बाहेर झेपावणारी आयलायनरची रेघ हा त्याचाच देशी आविष्कार. सत्तरच्या दशकात लंबक दुसरीकडे गेला आणि समांतर चित्रपटाने सावळा, न झाकलेला चेहरा पडद्यावर आणला. स्मिता पाटील यांचा ‘भूमिका’ (१९७७) या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेल्या या चित्रपटात एकाच स्त्रीचे दोन चेहरे दिसतात. चित्रपटातल्या चित्रपटासाठी रंगवलेला एक, घरातला दुसरा. आणि घरातला तो ‘साधा’ चेहराही अखेर कॅमेऱ्यासाठीच तयार झालेला असतो, हे विसरून चालत नाही.

त्यानंतर हा खेळ अधिक वेगाने चालला. ऐंशीच्या दशकात निळी-जांभळी आयशॅडो आली. १९९१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बॉबी ब्राउन यांनी तपकिरी अंगाच्या दहा साध्या लिपस्टिक आणल्या, तेव्हा लंबक पुन्हा उलटा फिरला. २०१५ नंतर समाजमाध्यमांमुळे जाड भुवया, आखीव गाल आणि मॅट ओठ यांची लाट आली. तिला उत्तर म्हणून दक्षिण कोरियातून काचेसारख्या नितळ त्वचेचे वेड पसरले. २०२० च्या साथीत मुखपट्टीने ओठच झाकले गेले आणि सारा भर डोळ्यांवर गेला. २०२३ मध्ये पामेला अँडरसन पॅरिसच्या फॅशन सप्ताहात मेकअपविना वावरल्या, त्याची जगभर बातमी झाली. पूर्वी एक लाट दहा वर्षे टिके, आता ती मोसमभरही टिकेलच असे नाही. कंपन्यांची त्याला हरकत असण्याचे कारण नाही, कारण प्रत्येक वळणावर जुना संच अडगळीत जातो आणि नवा विकत घेतला जातो.

साधेपणाचा खर्च

साधे दिसायला कमी प्रसाधने लागतात, हा एक गोड गैरसमज आहे. ठसठशीत मेकअपचा जुना भारतीय नमुना म्हणजे काजळ आणि लिपस्टिक. दोन वस्तू, पाच मिनिटे. याउलट ‘मेकअप केलाच नाही’ असे दाखवणाऱ्या चेहऱ्यावर प्रायमर, रंगछटायुक्त क्रीम, डोळ्यांखाली कन्सीलर, क्रीमच्या रूपातील लाली, भुवयांचे जेल, पारदर्शक मस्कारा, लिप ऑइल आणि हे सारे जागेवर राहावे म्हणून अखेरचा फवारा, एवढा सरंजाम असू शकतो. त्यातही चूक लपत नाही. गडद लिपस्टिकची कडा टिपता येते. पण त्वचेशी एकरूप व्हायला हवे ते फाउंडेशन अर्ध्या छटेने चुकले तरी मान आणि चेहरा दोन वेगळ्या व्यक्तींचे वाटू लागतात.

रंगाचे शास्त्र मात्र दोन्हीकडे एकच आहे. फाउंडेशन फिकट असो वा गडद, त्यात बहुधा चारच रंगद्रव्ये असतात: पांढरे टिटॅनियम डायऑक्साइड आणि लोहाची लाल, पिवळी, काळी ऑक्साइड. त्यांचे प्रमाण बदलले की छटा बदलते. लोहाची ही ऑक्साइड म्हणजे एका अर्थी काव, गेरू यांचीच भावंडे. परंतु जमिनीतून काढलेल्या मातीत शिसे, आर्सेनिक यांची भेसळ असू शकते म्हणून प्रसाधनांसाठी ती कारखान्यात तयार केली जातात. येथे कृत्रिम द्रव्य हेच अधिक शुद्ध आणि अधिक भरवशाचे. दीर्घकाळ टिकणाऱ्या मॅट द्रव लिपस्टिकमध्ये आयसोडोडिकेन हे पटकन उडून जाणारे द्रव्य असते. ते उडाले की रंगाचा पातळ पापुद्रा ओठांवर उरतो. ओठ कोरडे पडतात ते बहुधा या पापुद्र्यामुळे. त्यात विषारी असे काही नाही, फक्त आराम नाही.

न्यूड, पण कोणाच्या त्वचेचा?

‘न्यूड’ म्हणजे त्वचेचा रंग. पण कोणाच्या त्वचेचा? अनेक दशके या नावाखाली विकला गेलेला रंग गोऱ्या युरोपीय त्वचेचा होता. सावळ्या चेहऱ्यावर तो खडूसारखा पांढरट, आजारी दिसे. गायिका रिहाना यांच्या फेंटी ब्यूटी या कंपनीने सप्टेंबर २०१७ मध्ये एकदम ४० छटांचे फाउंडेशन बाजारात आणले तेव्हा इतरांची धावपळ उडाली, कारण गडद त्वचेच्या ग्राहकांची केवढी मोठी बाजारपेठ आपण दुर्लक्षिली, हे त्यांच्या ध्यानी आले.

भारतात हा प्रश्न अधिक टोचणारा आहे. येथे ‘नैसर्गिक उजळपणा’ या शब्दांचा अर्थ व्यवहारात अनेकदा गोरेपणा असाच होतो. १९७५ मध्ये आलेल्या फेअर अँड लव्हलीने या इच्छेवर मोठा व्यवसाय उभा केला. ‘डार्क इज ब्यूटिफुल’ ही मोहीम २००९ मध्ये सुरू झाली आणि २०१३ मध्ये अभिनेत्री नंदिता दास तिच्याशी जोडल्या गेल्या. अखेर २०२० मध्ये त्या क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द गेला आणि ‘ग्लो’ आला. शब्द बदलला, ग्राहकाची अपेक्षा तेवढ्याने बदलते असे नाही.

या पार्श्वभूमीवर सावळ्या मुलींना आजही घरातून मिळणारा ‘तुला गडद रंग शोभत नाही’ हा सल्ला तपासून पाहण्यासारखा आहे. रंगशास्त्राच्या दृष्टीने त्यात तथ्य नाही. वाइन, विटकरी, जांभळट लाल या छटा सावळ्या त्वचेवर उलट अधिक खुलतात आणि विसंगत दिसतात त्या पांढऱ्याची भेसळ असलेल्या फिकट गुलाबी. सल्ल्याचे मूळ रंगशास्त्रात नसून, सावळ्या मुलीने आपल्याकडे लक्ष वेधून घेऊ नये या जुन्या समजुतीत आहे.

निसर्गातले सारेच सौम्य नसते

आता दुसरा अर्थ, घटकांचा. सुरम्यात परंपरेने वापरले जाणारे गॅलिना हे खनिज पूर्णतः नैसर्गिक आहे आणि ते शिशाचे संयुग आहे. युरोपातील सरदार घराण्यांतील स्त्रिया चेहरा पांढराशुभ्र दिसावा म्हणून लावत तेही शिशाचेच संयुग. शेंदरी रंगासाठी शिशाचे लाल ऑक्साइड वापरले जाई. हळदीचे कुंकू आणि हा शेंदूर बाजारात शेजारी शेजारी असतात आणि अनेकदा त्यांच्यात फरक केला जात नाही. न्यू जर्सीतील दक्षिण आशियाई दुकाने तसेच मुंबई आणि दिल्ली येथून घेतलेल्या सिंदूराच्या ११८ नमुन्यांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेत घेतलेल्यांपैकी ८३ टक्के आणि भारतात घेतलेल्यांपैकी ७८ टक्के नमुन्यांत एका ग्रॅममागे किमान एक मायक्रोग्रॅम शिसे आढळले. घरात रांगणारे मूल असेल तर ही पूड जमिनीवर, बोटांवर आणि तेथून तोंडात जाते. शिशाची कोणतीही मात्रा लहान मुलांसाठी सुरक्षित मानली जात नाही.

मेंदीचे उदाहरण याहून परिचयाचे. पानांतील लॉसोन या द्रव्यामुळे त्वचा नारिंगी ते तपकिरी रंगते. राजस्थानातील पाली जिल्ह्याच्या सोजतची मेंदी प्रसिद्ध असून तिला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण कोणतीही खरी मेंदी काळी रंगत नाही आणि तासाभरात तर नाहीच. झटपट काळा रंग देणाऱ्या कोनात पॅरा-फेनिलीनडायमिन अर्थात पीपीडी हे केस रंगवण्याचे रसायन मिसळलेले असण्याचा संभव असतो. त्यामुळे हातावर नक्षीच्याच आकाराचे फोड येऊ शकतात. एकदा या रसायनाची ॲलर्जी जडली की ती सहसा जन्मभर राहते आणि पुढे केसांचा साधा कलपही त्रासदायक ठरतो.

चेहऱ्यावर थेट लिंबू चोळण्याचा सल्ला तर घरोघरी मिळतो. लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरोकुमारिन वर्गातील द्रव्ये असतात. ती लागलेली त्वचा उन्हात आली की भाजल्यासारखी होते आणि नंतर काळे डाग महिनोन्महिने राहतात. उजळण्यासाठी केलेल्या उपायाने चेहरा काळवंडण्याचा हा प्रकार.

शाकाहारी वाचकांना न रुचणारी एक बाब म्हणजे कार्माइन. लिपस्टिक आणि लाली यांतील हा सुंदर किरमिजी रंग कोचिनियल नावाच्या किड्यांपासून मिळतो. तो नैसर्गिकच आहे. तसेच अभ्रकाचे. गालाच्या उंचवट्यावर ‘नैसर्गिक चमक’ देणाऱ्या हायलायटरमधील चमचम बहुधा अभ्रकाची असते, आणि त्याचा एक प्रमुख स्रोत म्हणजे झारखंडमधील कोडरमा व गिरिडीह हे जिल्हे. तेथे बंद पडलेल्या खाणींच्या ढिगाऱ्यांतून अभ्रकाचे तुकडे वेचणाऱ्या कुटुंबांत लहान मुलेही असतात, हे अनेक पाहण्यांतून पुढे आले. २०१७ मध्ये प्रसाधन कंपन्यांनी या साखळीत सुधारणा करण्यासाठी एक आंतरराष्ट्रीय मंच स्थापन केला.

याचा अर्थ घरगुती सारे टाकाऊ असा नव्हे. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाचे उटणे हे त्याचे उत्तम उदाहरण. वाळा, नागरमोथा, गव्हला कचोरा, आंबेहळद, संत्र्याची साल यांची कोरडी पूड वर्षभर टिकते, कारण तिच्यात पाणी नसते. भिजवायची ती वापरायच्या वेळी आणि उरलेली टाकून द्यायची. तीच पूड ओल्या लेपाच्या रूपात बरणीत भरून विकायची तर परिरक्षक लागतोच. ‘पूर्णतः नैसर्गिक, परिरक्षकविरहित’ असे लिहिलेला पाणीदार लेप तीन महिने कपाटात राहिला, तर त्यात जंतूंची वाढ होत असणार किंवा लेबल तरी खोटे असणार.

प्रसाधन की औषध?

नैसर्गिक या शब्दाला व्यापारी मोल किती, याचा एक जुना मराठी दाखला आहे. केशव पेंढरकर यांनी १९५२ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या विको कंपनीची हळदीची क्रीम आयुर्वेदिक औषध की सौंदर्यप्रसाधन, यावर केंद्रीय उत्पादन शुल्क खात्याशी वर्षानुवर्षे वाद चालला, कारण दोहोंवरील कराचे दर वेगळे होते. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि कंपनीच्या बाजूने लागला. आयुर्वेदिक उत्पादनांचा परवाना आजही वेगळा असतो.

‘नैसर्गिक’ या शब्दासाठी स्वतंत्र परवाना मात्र नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणविषयक दाव्यांवर मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. नैसर्गिक, सेंद्रिय, शाश्वत असे मोघम शब्द वापरायचे तर त्यांना पुराव्याची आणि स्पष्टीकरणाची जोड द्यावी, असे त्यांत म्हटले आहे.

धोका नेमका कुठे?

ठसठशीत रंगांबद्दल घरात जेवढी काळजी व्यक्त होते, त्यामानाने खरा धोका ज्या डबीत असतो तिच्यावर रंगच नसतो. तो असतो गोरेपणाच्या बेकायदा क्रीममध्ये, आणि त्याचे नाव पारा. त्वचेतील मेलॅनिन तयार करणाऱ्या विकराचे काम पारा बंद पाडतो, म्हणून चेहरा काही आठवड्यांत उजळल्यासारखा दिसतो. त्वचेतून शरीरात गेलेला पारा मूत्रपिंडांत साठतो. अकोल्यातील एकाच कुटुंबातील तीन स्त्रियांना मूत्रपिंडाचा विकार जडला आणि मुंबईत झालेल्या तपासणीत त्यांच्या क्रीममध्ये पारा आढळला, हे २०२३ च्या प्रारंभी उघड झाले. केरळमधील कोट्टक्कल येथील डॉक्टरांचा अभ्यास ‘किडनी इंटरनॅशनल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण त्यांनी तपासले. त्यांतील १५ जणांत एका दुर्मिळ प्रकाराची खूण मिळाली आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीम वापरल्याचे सांगितले. क्रीम थांबवल्यावर बहुतेकांची प्रकृती सुधारली. लघवीला फेस येणे, पायांवर व डोळ्यांभोवती सूज येणे ही या विकाराची लक्षणे. पण चेहरा उजळत असताना पायाच्या सुजेचा संबंध क्रीमशी जोडण्याचे सहसा कोणाला सुचत नाही.

भारतात ‘सौंदर्यप्रसाधने नियम, २०२०’ नुसार डोळ्यांभोवतीच्या प्रसाधनांत पारा दहा लाख भागांत ७० भागांपेक्षा अधिक नसावा. इतर प्रसाधनांत अनवधानाने आलेला पाराही एका भागाच्या वर चालत नाही. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी २०२३ मध्ये पारायुक्त प्रसाधने २०२५ पर्यंत पूर्णपणे थांबवण्याचे ठरवले. नियम स्पष्ट आहेत. परंतु ब्यूटी पार्लरमध्ये बिनलेबलाच्या डबीत भरून मिळणाऱ्या किंवा परदेशातून आलेल्या म्हणून समाजमाध्यमांवर विकल्या जाणाऱ्या क्रीमपर्यंत ते पोहोचणे अवघड असते. स्टिरॉइडयुक्त क्रीमची कथाही वेगळी नाही. त्वचा पातळ होणे, लाल शिरा दिसणे, तोंडावर लव वाढणे असे परिणाम दिसू लागल्याने २०१८ मध्ये अशा अनेक मलमांची चिठ्ठीविना विक्री बंद करण्यात आली. तरीही ओळखीच्या दुकानदाराकडून ‘तीच ट्यूब’ मागून घेणारे ग्राहक आहेत.

वेष्टन वाचताना

खरेदी ठसठशीत छटेची असो वा न्यूडची, वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरण्याची मुदत आणि घटकांची यादी असणे आवश्यक आहे. आयात मालावर नोंदणी क्रमांक आणि आयातदाराचा पत्ता हवा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. एक टक्का वा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने चालतात. येथे एक उपयुक्त खूण आहे. फेनॉक्सीइथॅनॉल हा परिरक्षक बहुतेक ठिकाणी कमाल एक टक्काच वापरता येतो. डबीच्या दर्शनी बाजूला केशराचे चित्र असेल आणि यादीत केशराचे नाव फेनॉक्सीइथॅनॉलनंतर येत असेल, तर केशर एक टक्क्याहूनही कमी असणार.

रंगांची नावे अनेकदा ‘सी. आय.’ या अक्षरांपुढे आकड्यांत दिलेली असतात. ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ ही लोहाची ऑक्साइड, ७७८९१ म्हणजे टिटॅनियम डायऑक्साइड, ७७०१९ म्हणजे अभ्रक आणि ७५४७० म्हणजे किड्यापासूनचे कार्माइन. दर्शनी बाजूला ‘वनस्पतिजन्य’ लिहिलेल्या लालीच्या मागे ७५४७० आढळले, तर दुकानदाराला विचारायला हरकत नाही.

नवे प्रसाधन चेहऱ्यावर लावण्यापूर्वी कोपराच्या आतील बाजूस दोन दिवस लावून पाहावे. केसांच्या कलपाबाबत तर ही चाचणी प्रत्येक वेळी करावी, कारण ॲलर्जी अनेक वर्षांच्या वापरानंतरही उद्भवू शकते. काजळ, मस्कारा यांची कांडी दुसऱ्याची वापरू नये. डोळे आले असताना वापरलेली तर टाकूनच द्यावी. राज्यात प्रसाधनांविषयीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करता येते. तक्रारीसाठी उरलेले प्रसाधन डबीसह, बाहेरचा खोका आणि पावती जपून ठेवावी. लहान डब्यांचा बराच तपशील केवळ खोक्यावरच छापलेला असतो, आणि घरी आल्यावर सर्वांत आधी कचऱ्यात जातो तो खोकाच.